एडिसनमधील एका घराची घरपट्टी आणि वॉशिंग्टनचा प्राप्तिकर: २०१७ ते २०२५

न्यू जर्सीत घर घेतलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्या वर्षी सर्वांत जास्त अंगावर येते ती घरपट्टी. राज्यातील घरपट्टीचे सरासरी बिल २०१७ मध्ये ८,६९० डॉलर होते आणि २०२४ मध्ये ते १०,०९५ डॉलरवर गेले, म्हणजे दहा हजारांचा आकडा पहिल्यांदाच ओलांडला गेला. या रकमेतला साधारण निम्मा वाटा शाळांना जातो आणि उरलेला टाउनशिप व कौंटी यांच्यात वाटला जातो. ज्या शाळांसाठी लोक एडिसन, वेस्ट विंडसर किंवा ब्रिजवॉटर येथे घर शोधतात, त्या शाळांचा खर्च त्याच घराच्या बिलातून वसूल होतो. त्यामुळे केंद्रीय प्राप्तिकर भरताना ही घरपट्टी उत्पन्नातून वजा करता येते की नाही, हा इथे घरखर्चाचा प्रश्न आहे. भारतात स्वतः राहत असलेल्या घराच्या घरपट्टीवर प्राप्तिकरात सूट मिळत नाही, म्हणून नव्याने आलेल्या माणसाला हा विषय सुरुवातीला ध्यानातच येत नाही.

पुढे मांडलेले प्रकरण एडिसनमधील एका कुटुंबाचे आहे. हे कुटुंब नमुन्यादाखल उभे केलेले आहे, मात्र त्याची आकडेमोड त्या त्या वर्षी लागू असलेल्या कायद्याप्रमाणे केली आहे. पती-पत्नी दोघेही पगारदार असून रिटर्न एकत्र भरतात. घर २०१२ मध्ये कर्ज काढून घेतलेले आहे. २०१७ मध्ये मुले सात आणि बारा वर्षांची होती. त्या वर्षीचे दोघांचे मिळून करासाठी धरायचे उत्पन्न २ लाख डॉलर, घरपट्टी ११,२०० डॉलर, पगारातून कापलेला न्यू जर्सीचा प्राप्तिकर सुमारे ७,७०० डॉलर, गृहकर्जाचे व्याज १२,४०० डॉलर आणि देणग्या १,२०० डॉलर होत्या.

जुना कायदा: २०१७

राज्याला आणि स्थानिक संस्थांना भरलेला कर केंद्रीय प्राप्तिकरातून वजा करण्याची सोय नवी नाही. यादवी युद्धाच्या काळात १८६२ मध्ये अमेरिकेत जो प्राप्तिकर लावला गेला त्यातही ती होती आणि १९१३ च्या प्राप्तिकर कायद्यात राज्य, कौंटी, शाळा व नगरपालिका यांचे कर वजा करण्याची तरतूद स्पष्ट शब्दांत होती. १९८४ मध्ये रेगन सरकारच्या अर्थखात्याने ही वजावट पूर्ण काढून टाकावी असे सुचवले होते, परंतु १९८६ च्या सुधारणेत फक्त विक्रीकराची वजावट गेली आणि घरपट्टी व राज्याचा प्राप्तिकर शाबूत राहिले. विक्रीकराची वजावटही पुढे २००४ मध्ये पर्याय म्हणून परत आली. या सर्व करांच्या एकत्रित वजावटीला तिकडे ‘सॉल्ट’ म्हणतात.

२०१७ च्या रिटर्नमध्ये आपल्या कुटुंबाने घरपट्टी आणि राज्याचा प्राप्तिकर मिळून १८,९०० डॉलर वजा केले. त्यात व्याज आणि देणग्या मिळवल्यावर तपशीलवार वजावट ३२,५०० डॉलर झाली. त्या वर्षी जोडप्यासाठी स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे तपशील न देता मिळणारी ठरावीक वजावट, १२,७०० डॉलर होते, त्यामुळे आयटमाइझ करावे, म्हणजे तपशीलवार वजावट घ्यावी, की नाही हा प्रश्नच नव्हता. शिवाय माणशी ४,०५० डॉलर याप्रमाणे चौघांची १६,२०० डॉलरची सूट होती. करपात्र उत्पन्न १,५१,३०० डॉलर निघाले आणि त्यावर कर सुमारे २९,३०२ डॉलर झाला. मुलांसाठीची करसवलत १,१०,००० डॉलरच्या पुढील उत्पन्नावर कमी कमी होत जात असे आणि या कुटुंबापर्यंत पोहोचेतो ती शून्य झाली होती.

या कुटुंबाचा शेवटचा डॉलर २५ टक्क्यांच्या टप्प्यात होता. टाउनशिपने घरपट्टी शंभर डॉलरने वाढवली असती तर त्यातले पंचवीस वॉशिंग्टनने सोसले असते आणि घराच्या खिशाला पंचाहत्तरच लागले असते. शाळेचे अंदाजपत्रक मांडणाऱ्यांनी ही गोष्ट बोलून दाखवली नसली तरी वाढीला होणारा विरोध तिच्यामुळे सौम्य राहत होता, असे मला वाटते.

पण वजावट ‘अमर्याद’ होती असे जे नंतर सर्रास सांगितले गेले, ते या उत्पन्नगटापुरते खरे नाही. कर दुसऱ्या एका पद्धतीनेही मोजावा लागतो आणि तो नेहमीच्या करापेक्षा जास्त आला तर तोच भरावा लागतो. हा पर्यायी किमान कर, म्हणजे एएमटी, मोजताना सॉल्टची वजावट धरलीच जात नाही. आपल्या कुटुंबाचा एएमटीच्या पद्धतीने मोजलेला कर सुमारे २८,१५१ डॉलर येत होता, म्हणजे नेहमीच्या करापेक्षा केवळ १,१५१ डॉलरने कमी. घरपट्टी किंवा राज्याचा कर आणखी बराच वाढला असता तर त्या वाढीवर सूट मिळालीच नसती. न्यू जर्सीतील दोन ते पाच लाख उत्पन्नाच्या कित्येक कुटुंबांना एएमटी आधीच लागत होता आणि त्यांच्या रिटर्नमधील सॉल्टचा मोठा आकडा बराचसा कागदावरच राहत होता.

डिसेंबर २०१७

नवा कायदा २२ डिसेंबर २०१७ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या सहीने पक्का झाला आणि २०१८ पासून सॉल्टवर १०,००० डॉलरची मर्यादा आली. शेवटच्या आठवड्यात लोकांनी पुढची घरपट्टी आगाऊ भरण्यासाठी टाउनशिपच्या कर कार्यालयांपुढे रांगा लावल्या.

ही धावपळ समजून घ्यायची तर न्यू जर्सीचे बिल डोळ्यांसमोर आणावे लागेल. उन्हाळ्यात येणाऱ्या या बिलाच्या खालच्या बाजूला चार फाडायच्या पट्ट्या असतात: १ ऑगस्ट, १ नोव्हेंबर, १ फेब्रुवारी आणि १ मे. पहिल्या दोन चालू वर्षाच्या असतात. पुढच्या दोन पुढील वर्षाच्या असून त्या वर्षाचा दर अजून ठरलेला नसल्याने मागील वर्षाच्या कराच्या निम्म्या रकमेवर तात्पुरत्या आकारलेल्या असतात. म्हणजे २०१८ च्या पहिल्या दोन तिमाहींचे ५,६०० डॉलर जुलै २०१७ मध्येच बिलावर छापलेले होते. केंद्रीय करखात्याने २७ डिसेंबरला जाहीर केले की आगाऊ भरलेली घरपट्टी २०१७ मध्ये वजा करायची तर ती त्याच वर्षी आकारलेली आणि भरलेलीही असली पाहिजे. नुसत्या अंदाजाने पुढच्या सबंध वर्षाचे पैसे भरून चालणार नव्हते, पण फेब्रुवारी आणि मेच्या पट्ट्या या अटीत बसतात असा अर्थ लावायला जागा होती.

आपल्या कुटुंबानेही त्या दोन पट्ट्या भरायचे ठरवले. २५ टक्क्यांनी १,४०० डॉलर वाचतील, असा हिशेब स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. प्रत्यक्षात नेहमीच्या पद्धतीचा कर २७,९०२ डॉलरवर उतरला, पण एएमटीचा हिशेब २८,१५१ वरच थांबलेला असल्याने खरी बचत १,१५१ डॉलरच झाली. वाचायला हव्या असलेल्या रकमेतून अडीचशे डॉलर एएमटीने काढून घेतले. शिवाय घरपट्टी एस्क्रोतून, म्हणजे कर्ज देणाऱ्या बँकेकडच्या राखीव खात्यातून, जात असल्याने दरमहा हप्त्याबरोबर बँकेकडे जमा होणारे पैसे बँक तिच्या वेळेप्रमाणे टाउनशिपला भरणार होतीच. स्वतः जाऊन भरायचे, मग बँकेला कळवायचे आणि तिने तरीही फेब्रुवारीत पैसे भरले तर ते परत मिळवण्याच्या मागे लागायचे, हे सगळे नाताळच्या सुटीत झाले. एस्क्रोत जमा केलेल्या पैशांवर वजावट मिळत नाही, बँकेने टाउनशिपला पैसे भरले त्या वर्षी ती मिळते, हे अनेकांना त्या आठवड्यात पहिल्यांदा कळले.

मर्यादा आली तरी कर कमी झाला

तुलना स्पष्ट व्हावी म्हणून २०१८ चे सर्व आकडे २०१७ प्रमाणेच धरू आणि आगाऊ भरणा बाजूला ठेवू. घरपट्टी एकटीच ११,२०० डॉलर असल्याने दहा हजारांची मर्यादा तिच्यातच संपली आणि राज्याच्या प्राप्तिकराचे ७,७०० डॉलर पूर्णपणे बाहेर राहिले. दहा हजार, व्याजाचे १२,४०० आणि देणग्यांचे १,२०० मिळून २३,६०० डॉलर होतात. त्या वर्षी जोडप्याचे स्टँडर्ड डिडक्शन २४,००० डॉलर झाले होते. म्हणजे चारशे डॉलरच्या फरकाने आयटमाइझ करण्यात अर्थ उरला नाही आणि त्याबरोबर घरपट्टी, व्याज व देणग्या या तिन्हींचा केंद्रीय करावरचा परिणाम एकदमच संपला. देशभर हेच घडले. २०१७ मध्ये सुमारे ३० टक्के रिटर्नमध्ये तपशीलवार वजावट घेतली जात होती, ते प्रमाण पुढच्याच वर्षी सुमारे १० टक्क्यांवर आले.

तरीही या कुटुंबाचा एकूण कर वाढला नाही. माणशी सूट गेली, पण दर उतरले, टप्पे रुंदावले आणि मुलांसाठीची सवलत प्रत्येकी २,००० डॉलर होऊन चार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या जोडप्यांना पूर्ण मिळू लागली. १,७६,००० डॉलरच्या करपात्र उत्पन्नावर ३०,८१९ डॉलर कर आला आणि त्यातून दोन मुलांचे ४,००० वजा होऊन २६,८१९ डॉलर उरले. आगाऊ भरणा नसलेल्या २०१७ च्या करापेक्षा हा २,४८३ डॉलरने कमी होता. सॉल्टवर मर्यादा नसती तर तो २४,७७९ डॉलरपर्यंत गेला असता. थोडक्यात, नव्या कायद्याने या घराला मिळू शकले असते ते ४,५२३ डॉलर आणि त्यातले २,०४० मर्यादेने परत घेतले.

मुलांचे वय बदलले की हेच उत्तर फिरते. मुले सतरा आणि एकोणीस वर्षांची असती तर चार हजारांच्या जागी एकूण एक हजारच मिळाले असते आणि कर २९,८१९ डॉलर, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा ५१७ डॉलरने जास्त झाला असता. शेजारच्या दोन घरांत त्या वर्षी ‘आमचा कर कमी झाला’ आणि ‘आमचा वाढला’ असे वाद झाले असतील, तर दोन्ही बाजू खरे बोलत होत्या.

मला या तरतुदीतील खरी चूक दोन ठिकाणी दिसते. पहिली म्हणजे अविवाहित व्यक्तीला दहा हजार आणि जोडप्यालाही दहाच हजार. स्टँडर्ड डिडक्शन, दरांचे बहुतेक टप्पे, सर्व काही जोडप्यासाठी दुप्पट असताना हीच मर्यादा तेवढी एकेरी ठेवण्याला महसूल गोळा करण्यापलीकडे कारण दिसत नाही. दुसरी चूक अधिक खोल आहे. त्या घराची घरपट्टी पुढे शंभराने वाढली तेव्हा पूर्ण शंभर डॉलर घरालाच सोसावे लागले. पंचवीस डॉलरचा तो वाटा गेल्याने शाळांचा भार पूर्णपणे गावावर आला आणि त्याची चर्चा गावात कुठेच झाली नाही, कारण निर्णय गावाने घेतलेला नव्हता.

राज्याने शोधलेल्या वाटा

राजकीय परिणाम लवकर दिसला. न्यू जर्सीतील पाच रिपब्लिकन प्रतिनिधींपैकी चौघांनी २०१७ च्या विधेयकाविरुद्ध मत दिले आणि बाजूने मत देणारे टॉम मॅकार्थर २०१८ च्या निवडणुकीत अँडी किम यांच्याकडून हरले. त्याच वर्षी मे महिन्यात गव्हर्नर फिल मर्फी यांनी एका कायद्यावर सही केली: टाउनशिपने धर्मादाय निधी स्थापावा, नागरिकाने त्यात देणगी द्यावी आणि देणगीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम घरपट्टीतून कमी व्हावी. देणग्यांवर दहा हजारांची मर्यादा नाही, हा त्यामागचा विचार होता. केंद्रीय करखात्याने जून २०१९ च्या अंतिम नियमांनी ही वाट बंद केली. देणगीच्या बदल्यात राज्याकडून जी सवलत मिळेल तेवढी देणगी वजावटीसाठी कमी धरायची, असे ठरले. आपल्या कुटुंबाने ११,२०० डॉलर असे दिले असते तर १०,०८० डॉलरची सवलत वजा जाऊन देणगी म्हणून १,१२० डॉलरच धरले गेले असते.

न्यायालयाचा मार्गही लाभला नाही. न्यू यॉर्क, कनेटिकट, मेरीलँड आणि न्यू जर्सी या राज्यांनी जुलै २०१८ मध्ये खटला भरला. ही मर्यादा राज्यांच्या सार्वभौमत्वावर दडपण आणते, हा त्यांचा दावा जिल्हा न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये आणि अपील न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये प्रकरण ऐकण्यास नकार दिला.

एक वाट मात्र टिकली. भागीदारी किंवा तत्सम व्यवसायाने स्वतःच्या नावावर राज्याचा कर भरायचा, तो व्यवसायाचा खर्च म्हणून केंद्रात वजा करायचा आणि भागीदाराला राज्याने तेवढी सवलत द्यायची. न्यू जर्सीने जानेवारी २०२० मध्ये यासाठी कायदा केला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्रीय करखात्याने तो प्रकार मान्य केला. एकाच गल्लीत राहणारा सल्लागार संस्थेचा भागीदार राज्याचा प्राप्तिकर मर्यादेबाहेर ठेवू शकतो आणि तेवढेच मिळवणारे पगारदार जोडपे ठेवू शकत नाही. २०२५ च्या कायद्यानेही ही विषमता तशीच राहू दिली. पगारदार माणसाच्या बाजूने कोणी बोलले नाही, याचे मला वाईट वाटते.

राज्याने स्वतःच्या करात मात्र थेट दिलासा दिला. राज्याच्या प्राप्तिकरातील घरपट्टीची वजावट २०१८ पासून दहावरून पंधरा हजार डॉलरपर्यंत वाढवली गेली. आपल्या कुटुंबाच्या बाराशे जादा डॉलरांवर त्यामुळे राज्याच्या करात सुमारे ७६ डॉलर वाचले. घरपट्टीत दिलासा देणाऱ्या राज्याच्या ‘अँकर’ योजनेचे पैसे अडीच लाखांपेक्षा जास्त उत्पन्नाच्या घरमालकांना मिळत नाहीत, त्यामुळे पुढे उत्पन्न वाढल्यावर हे घर तिच्यातूनही बाहेर पडले.

चाळीस हजारांचे वर्ष: २०२५

४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याने मर्यादा २०२५ साठी ४०,००० डॉलर केली. २०२६ मध्ये ती ४०,४०० आहे, २०२९ पर्यंत दरवर्षी एक टक्का वाढेल आणि २०३० मध्ये पुन्हा दहा हजारांवर येईल. २०२५ साठी पाच लाखांच्या पुढील उत्पन्नावर ती घटत जाते आणि सहा लाखांना दहा हजारांवर टेकते. जोडप्याला आणि अविवाहिताला एकच आकडा, हा दोष कायम आहे.

मर्यादा चौपट झाली म्हणून आपल्या कुटुंबाचा फायदा किती? २०२५ मध्ये उत्पन्न २,६०,००० डॉलर, घरपट्टी १३,६०० आणि राज्याचा प्राप्तिकर सुमारे ११,३०० डॉलर. सॉल्ट झाला २४,९००, जो चाळीस हजारांत सहज बसतो. पण २०२१ मध्ये व्याजदर तीन टक्क्यांखाली असताना त्यांनी कर्ज नव्याने करून घेतले होते आणि आता वर्षाचे व्याज ७,००० डॉलरच आहे. देणग्यांचे १,५०० धरून बेरीज ३३,४०० डॉलर होते, तर स्टँडर्ड डिडक्शन ३१,५०० डॉलर आहे. फरक १,९०० डॉलर, २४ टक्क्यांनी बचत ४५६ डॉलर. जाहीर चर्चेत मर्यादा तीस हजारांनी वाढली, या घरात मात्र तिचे ४५६ डॉलर झाले.

त्याच गल्लीत २०२४ मध्ये पावणेसात टक्क्यांनी साडेचार लाखांचे कर्ज काढून घर घेतलेल्या, तेवढ्याच उत्पन्नाच्या आणि तेवढीच घरपट्टी असलेल्या जोडप्याचे व्याज सुमारे ३०,००० डॉलर आहे. त्यांची वजावट ४१,५०० वरून ५६,४०० डॉलरवर जाते आणि कर सुमारे ३,५१४ डॉलरने कमी होतो. घरपट्टीच्या वजावटीची किंमत घरपट्टीने ठरत नाही, शेजारी व्याजाचा आकडा किती मोठा आहे यावर ती ठरते. घरपट्टी स्टँडर्ड डिडक्शनच्या वर वेगळी, ठरावीक मर्यादेपर्यंत वजा करू द्यावी, अशी सोय २००८ आणि २००९ मध्ये जोडप्यांना एक हजार डॉलरपर्यंत होती. सुधारणा करायची तर त्या दिशेने करावी, असे माझे मत आहे, कारण तिचा लाभ कर्ज फेडून झालेल्या ज्येष्ठांनाही मिळतो.

या कुटुंबापुरता एक व्यवहार्य मार्ग अजून होता. आता ते स्टँडर्ड डिडक्शनच्या रेषेवरच उभे असल्याने दोन वर्षांच्या वजावटी एका वर्षात गोळा करणे फायद्याचे ठरते. २०२६ च्या पहिल्या दोन तिमाहींचे ६,८०० डॉलर डिसेंबर २०२५ मध्येच भरले, तर सॉल्ट ३१,७०० होतो, तरीही मर्यादेखालीच राहतो आणि त्या रकमेवर २४ टक्क्यांनी १,६३२ डॉलर वाचतात. एएमटीची सूट आता बरीच मोठी असल्याने २०१७ सारखी अडवणूक होत नाही. त्या बदल्यात २०२६ मध्ये ३२,२०० डॉलरचे स्टँडर्ड डिडक्शन घ्यावे लागते, पण देणग्यांचे नियम त्या वर्षापासून बदलल्याने बाकी आकडे तेच धरले तरी तेच फायद्याचे ठरते आणि कोणतीही बचत हुकत नाही. पूर्ण १,६३२ डॉलर हाती राहतात.

अट जुनीच आहे: रक्कम आकारलेली असली पाहिजे आणि ३१ डिसेंबरपर्यंत टाउनशिपला भरलेली असली पाहिजे. म्हणून त्यांनी नोव्हेंबरमध्येच बँकेला फोन करून १ फेब्रुवारी आणि १ मे या दोन हप्त्यांचे पैसे एस्क्रोतून पाठवू नयेत असे सांगितले, त्याचे लेखी उत्तर घेतले आणि मग उन्हाळ्यात आलेल्या बिलाच्या शेवटच्या दोन पट्ट्या फाडल्या.